शिळा हुकूम

“सर, हुकूम वाचून झाला की बफर पुसायला पाहिजे. शिळा हुकूम आत तसाच राहतोय,” शिवांजली म्हणाली.

जयराजनं मान वळवली नाही. साताऱ्यातल्या त्या लहानशा कंपनीत शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद करणारी पेटी बनत होती. पेटीचं कर्नेल, म्हणजे तिला चालवणारा मूळ प्रोग्रॅम, त्यानं लिहिलेलं. फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून आलेला हुकूम मेमरीतल्या ज्या जागेत घटकाभर थांबतो, ते बफर; पेटीवरच्या बटणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. ते दरवेळी पुसणारी ओळ त्यानंच काढून टाकली होती. पेटी झटपट चालायला लागली आणि साहेबांनी पाठ थोपटली.

“विहिरीवर रेंज ये-जा करती, सर. निरोप अर्धाच पोचला, तर पेटी आधीचाच हुकूम परत पाळणार.”

ती बरोबर बोलतेय, हे त्याला आतून कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

“आधी शेतातली मोटर बघून ये. मग मला शिकव.”

तेवढ्यात कडेगावहून वडिलांचा, लालासाहेबांचा, फोन आला. पहिली पेटी त्यांच्याच विहिरीवर होती. जयराजनं मुद्दाम स्पीकर लावला. गिऱ्हाईक काय म्हणतं, ते पोरीला कळू दे.

“सकाळी फोनवरनं चालू केली बग, लय झ्याक. आता मोटर नि पंपामधल्या कपलिंगचं रबर बदलायचं हाय. पेटीचं बटण दाबून बंद केलीया. फ्यूज काढू का?”

फौजेतून आल्यापासून तिन्ही फ्यूज खिशात घातल्याशिवाय म्हातारा मोटरीला हात लावत नसे. जयराजला त्याचं हसू यायचं.

“आवं आबा, फ्यूज कशाला? मी हितनं परत बंद करतो. घाला हात बिनघोर.”

“तू म्हणतूयास, तर घालतो.”

“सर, नको.” शिवांजली उठून उभी राहिली. “त्यांना फ्यूज काढू द्या.”

दुसऱ्याचं ऐकेल तो जयराज कसला. तिच्याकडं बघत त्यानं कॉम्प्युटरवर ‘बंद’ दाबलं.

फोनमधून आधी मोटरीचा आवाज आला. मग म्हाताऱ्याचा. मग नुसता मोटरीचा.

मोटर चालू झाली की शेतकऱ्याला जाणारा निरोप जयराजनं स्वतः लिहिला होता, वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून. तो समोरच्या पडद्यावरही उमटला.

“मोटर सुरू झाली आहे. आता तुम्ही निवांत बसा.”