पलंगाखालची जागा

दुकानातल्या प्रत्येक पलंगाखाली रणजित वाकून बघत होता.

"अहो, मांजर हरवलंय का तुमचं?" बायकोनं विचारलं.

नव्या फ्लॅटमध्ये आप्पांना, म्हणजे रणजितच्या वडिलांना, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बेडरूम मिळणार होती. तिथं बायकोला बॉक्सचाच पलंग हवा होता. गाद्या, गोधड्या, बॅगा सगळं त्याच्या पोटात गेलं असतं. तिचं बरोबरच होतं. रणजितला नाही म्हणायला धड कारण सापडेना.

इचलकरंजीच्या त्यांच्या एका खोलीत आप्पांचा लोखंडी पलंग होता. मागावर रात्रपाळी करून ते दिवसा त्यावर झोपायचे, आणि खाली बल्ब लावून, पोटावर पडून रणजित दहावीचा अभ्यास करायचा. मधूनच आप्पांचा हात खाली लोंबायचा, त्याला सुताचा वास यायचा. त्यांची झोप मोडू नये म्हणून रणजित पानंसुद्धा चोरासारखी उलटायचा.

"आप्पा, जरा पडून बघा की," बायको सोबत आलेल्या आप्पांना म्हणाली.

आप्पा बॉक्सच्या पलंगावर आडवे झाले, डोळे मिटले. सवयीनं हात कडेला सुटला आणि फळीवर ठक्कन आपटला.

"खाली जागाच न्हाई व्हय?" ते म्हणाले. "सूनबाई, याची पानं वाजायची थांबली की माझी झोप मोडायची. मग हात सोडून चाचपायचो, पोरगं हाय का गेलं उंडारायला."

बायको क्षणभर रणजितकडं बघत राहिली. मग सेल्समनला म्हणाली, "पायांचा पलंग दाखवा. बॅगांचं बघू काहीतरी."