पहिलं नको

भास्करराव सकाळपासून व्हरांड्यात बूट घालून बसले होते. डोक्यावर हॅट, अंगात लाइफ जॅकेट आणि हातात चहाचा कप.

"घर बुडायला लागलंय का?" बिस्किटांची बशी ठेवत नीरजाबाईंनी विचारलं.

"जॅकेट सैल होतंय का ते बघत होतो."

शेजारच्या अंगणाच्या टोकाला, उथळ पाण्यात, ट्रेव्हर त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत सामान भरत होता. ही त्याची मासेमारीची शेवटची फेरी. उद्या होडी विकत घेणारा ती घेऊन जाणार होता आणि ट्रेव्हर हे बेट सोडून समुद्रापासून दूर, टूवूंबा शहरात मुलीकडे राहायला जाणार होता. तिथे पाणी फक्त नळाला येतं.

"अहो, काल संध्याकाळी तो कुंपणावरून विचारत होता ना तुम्हाला, उद्या येतोस का म्हणून?"

"विचारत होता."

"मग?"

"मी म्हटलं, नको, नको, कशाला उगाच."

"आणि तो?"

"नो वरीज, मेट, म्हणाला. आणि गेला!" भास्कररावांचा आवाज चढला. "अगं, म्हणजे सरळ गेला! माणूस पहिल्यांदा नको म्हणणारच ना? विचारल्याबरोबर हो म्हणायला आपण काय हावरट आहोत?"

"तो परत विचारेल असं वाटलं तुम्हाला."

"कुणीही विचारतं. तुझ्या माहेरी मी जिलबीला नको म्हटलं, तर तुझ्या काकांनी जिलब्यांनी ताट दिसेनासं केलं होतं."

भास्करराव मासे खात नव्हते. तरीही बेटावर राहायला आल्या आल्या त्यांनी गळ विकत घेतला होता आणि अंगणातल्या गवतावर तो टाकायचा रोज सराव चालू होता. आत्तापर्यंत एक टॉवेल लागला होता, तोही घरचाच. समुद्र चारी बाजूंनी होता, पण त्यावर जाणं व्हायचं ते वाणसामानाला जाताना फेरीबोटीतून, तेवढंच.

"मग जा ना आता. सांगा त्याला, येतो म्हणून."

"मी? आपण होऊन?"

बोलावणं नसताना कुणाच्या लग्नात पंगतीला बसायला सांगावं, तसं त्यांनी बायकोकडे पाहिलं. पदर नव्हता, म्हणून नीरजाबाईंनी टी-शर्टलाच हात पुसले आणि त्या कुंपणापाशी गेल्या.

"ट्रेव्हर, त्यांना परत विचार."

"पण बॅझ नाही म्हणाला," ट्रेव्हर म्हणाला. भास्करराव बेटावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने त्यांचं परस्पर बारसं करून टाकलं होतं.

"ते पहिलं होतं. आमच्याकडे पहिलं धरत नाहीत."

ट्रेव्हरने यावर विचार केला. "कितवं धरता?"

"तीनदा तरी विचारायचं."

"आणि माणसाला खरंच यायचं नसेल तर?"

"तर तो लाइफ जॅकेट घालून चहा पीत नाही."

ट्रेव्हरला हे पटलं. तो हात झटकत व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी आला. नीरजाबाई मागच्या बाजूने येऊन नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"कमिंग आउट, बॅझ?"

भास्करराव दचकले. चहा सांडला. "नो, नो. उगाच तुला त्रास."

ट्रेव्हरने वर पाहिलं. खुर्चीमागून एक बोट वर झालं.

"शुअर?"

"तुझ्या होडीत जागा तरी कुठे असेल?"

खुर्चीमागे दोन बोटं झाली.

"बॅझ," ट्रेव्हर म्हणाला, "ओहोटी लागलीये. थोड्या वेळाने इथे नुसता चिखल उरेल. गेट इन द ब्लडी बोट."

"बरं, आता तू इतकं म्हणतोच आहेस तर..."

वाक्य संपलं तेव्हा भास्करराव कुंपणाच्या पलीकडे होते. गळ, पाण्याची बाटली आणि दडपे पोह्यांचा डबा खुर्चीखाली पहाटेच तयार ठेवलेला होता, ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

होडीत ते सगळ्यात पुढे बसले. साठी उलटलेला माणूस एवढा ताठ बसलेला ट्रेव्हरने पाहिला नव्हता. नीरजाबाईंनी वाळूवर चपला काढल्या, पाण्यात उतरून होडीला जोर लावला, आणि होडी मोकळी झाली. ट्रेव्हरने इंजिन चालू केलं.

"नीरजा, यू कमिंग?"

"नको, नको," नीरजाबाई म्हणाल्या. "तुम्ही जा. घरात ढीगभर कामं पडलीयेत."

हे म्हणताना त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. एक हात अजून होडीच्या काठावर होता.

"शी सेड नो, मेट," समुद्रावरची नजर न काढता भास्करराव म्हणाले. "चल, चल, पाणी उतरतंय."

ट्रेव्हरने थोडा वेळ भास्कररावांच्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने इंजिन बंद केलं, आणि बसायच्या मधल्या फळीवरचा बर्फाचा डबा उचलून खाली ठेवला.