न्यायदानातील विलंब

पारनेरच्या रंगुबाईंनी भावांवर लावलेला वाटणीचा दावा इतका रेंगाळला, की त्यांचे वकील, सावेडीचे झावरे, यांनी तारखांना येताजाता ‘न्यायदानातील विलंब’ नावाचा उशीएवढा जाड ग्रंथ लिहून काढला. शेवटच्या युक्तिवादाला त्यांनी तोच न्यायाधीशांपुढे ठेवला. साहेबांनी चार पानं चाळली आणि मान डोलावली.

“साहेब मान हालवत्यात,” म्हाताऱ्या रंगुबाई मागून कुजबुजल्या. “जित्ती हाय तवर बापाच्या रानात पाय ठिवीन म्हना की.”

“ठेवलाच समजा, आक्का,” झावरे म्हणाले.

“ग्रंथ फार विद्वत्तेचा आहे,” साहेब म्हणाले. “असा वरवर चाळून निकाल देणं बरं नव्हे. सगळा वाचतो. दिवाळीनंतरची तारीख घ्या.”

रंगुबाईंनी लांबूनच ग्रंथाची जाडी पाहिली. “वाचू द्या. दिवाळीपत्तूर काढीन कशीबशी.”

तेवढ्यात भावांचे वकील अदबीनं उठले. “साहेब, मुखपृष्ठावरच लिहिलंय, हा पहिलाच खंड आहे. दुसरा अजून लिहून व्हायचाय. तो न वाचता निकाल देणं म्हणजे एवढ्या थोर लेखकावर अन्याय होईल.”

साहेबांनी झावऱ्यांकडे पाहिलं. “आपली काही हरकत?”


झावऱ्यांमधला वकील उठू लागला. पण त्यांच्यातल्या लेखकानं त्याचा काळा कोट धरून त्याला खाली बसवलं.