आमेन म्हणू नका

"करुणाबाई, करा ना प्रार्थना," जयवंतकाका हळूच म्हणाले. खाटेभोवती आमची सगळी मंडळी उभी होती. शांतवनभाऊंना घरी घेऊन जा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

करुणाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरची ओली घडी बदलली. "आज माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही कुणीतरी करा."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब बदलून गेले आणि दुसरे आलेच नाहीत, तेव्हा आम्हीच उपासनेची कामं वाटून घेतली होती. देवानं ज्याला जे कृपादान दिलं, त्याचं ते काम. जयवंतकाका बायबलमधलं वचन वाचायचे, मी गीतं सुरू करून द्यायचे, शांतवनभाऊ सतरंज्या अंथरायचे. आजाऱ्यासाठी प्रार्थना मात्र करुणाबाईंची. आमच्या प्रत्येकाच्या उशाशी त्या बसून गेल्या होत्या. आणि आता आमच्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटेना.

"अहो, करा ना कुणीतरी!" त्या किंचाळल्या. "हे चाललेत हो!"

तेवढ्यात शांतवनभाऊंनी हात उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवला. चारचौघांत त्यांनी कधी प्रार्थना केली नव्हती.

"बापा, हिला सगळे बोलावतात. हिच्यासाठी कुणीच करत नाही. मी गेल्यावर हिला…"

पुढच्या शब्दासाठी आम्ही डोळे मिटून थांबलो. तो आला नाही.

करुणाबाईंनी तो हात दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरला.

"आमेन म्हणू नका," त्या म्हणाल्या. "इतक्यात कुणी आमेन म्हणू नका."