झाऱ्याची जागा

चौथं बेगलही उकळत्या पाण्यात सुटलं. टाकताना चांगलं कडं होतं. बघता बघता त्याची शेपटी झाली.

तिने गॅस बारीक केला. कणीक आदल्या संध्याकाळीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवलेली. मळून मळून मनगटं भरून आली होती. शेजारच्या मुलीने फोनवर दाखवलं तसंच ती करत होती. गोळ्याची दोरी वळायची, टोकाला टोक जोडायचं, आधी उकळायचं, मग ओव्हनमध्ये भाजायचं, की कड्याच्या आकाराचा पाव तयार. बाकी सगळं जमलं. टोकं मात्र एकमेकांशी नांदायला तयार नव्हती.

ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून धाकटी बहीण हसली. "ताई, दुकानात काय तोटा आहे का बेगलांना? कशाला जिवाचा आटापिटा?"

"अगं, त्यांनी मागितलं. जन्मात पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं. बेकरीच्या काचेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, घरी केलेलं बेगल खावंसं वाटतंय."

"घरी केलेलं?"

"हो. म्हणजे माझ्या हातचंच ना?"

बहिणीने हळूच विचारलं, "शनिवारचे घरीच असतात ना हल्ली?"

"असतात की," ती ठसक्यात म्हणाली. "बाहेर पेपर वाचताहेत."

हा ठसका उगाच नव्हता. कित्येक वर्षं तिचा नवरा दर शनिवारी गोदामातल्या मालाची मोजदाद करायला जायचा आणि संध्याकाळी परत आला की जेवायला नको म्हणायचा. "एवढं काय मोजतात गं?" असं बहिणीने एकदा सहज विचारलं, तर तिने बहिणीशी बोलणंच टाकलं. तो अबोला पुष्कळ दिवस चालला. आणि महिन्यापूर्वी त्याने आपणहून सांगितलं, मोजदाद संपली, आता जावं लागणार नाही. तेव्हापासून तो घरातच होता. जेवण कमी झालं होतं, बोलणं त्याहून कमी. पण होता. तिला तेवढं पुरे होतं. आता एकदा ही कडी जमली, त्याने एक घास खाऊन मान डोलावली, की तो फोटो बहिणीला पाठवायचा, असं तिने मनाशी धरलं होतं.

फोन ठेवून तिने पाचवं टाकलं. तेही सुटलं.

मागे वळून पाहिलं तर तो दारात उभा. तो स्वयंपाकघरात आला की तिला आधी हसूच यायचं. एकदा ती तापाने फणफणली असताना त्याने चहा केला होता, साखरेऐवजी मीठ घालून. वर "तू पडून राहा, मी आहे" असंही म्हणाला होता. तो किस्सा ती अजून पाहुण्यांना रंगवून सांगायची.

"अहो, नका बघू. सगळी फजिती झालीय."

"ते पीठ पूस आधी," तो म्हणाला.

"काय?"

"ओट्यावर भुरभुरलंयस ते. कोरड्या पिठाने टोकं धरत नाहीत."

त्याने स्वतःच ओलं फडकं फिरवलं. बाह्या सरसावल्या. कणकेची एक दोरी उचलून तळहाताभोवती गुंडाळली, टोकावर टोक चढवलं आणि हात ओट्यावर दाबून पुढेमागे केला. हातातून कडं निघालं. गोल, गुळगुळीत, जोड शोधूनही सापडू नये असं.

"अगंबाई!" तिने टाळीच वाजवली. "कुठे शिकलात हो हे?"

"त्यात काय शिकायचंय? बघून बघून येतं."

ते तिला पटलंसुद्धा. तिने सगळी कणीक त्याच्यापुढे सरकवली. तो वळत गेला, ती ताटात मांडत गेली. मध्येच तो कसलीशी धून गुणगुणू लागला. महिन्याभरात त्याचा चेहरा असा निवलेला तिने पाहिला नव्हता. खरं तर त्याआधीही कधी पाहिला होता, हे तिला आठवेना. दोघं ओट्यापाशी खांद्याला खांदा लावून उभी होती. लग्न झाल्यापासून असं कधी झालंच नव्हतं. फोटो आत्ताच काढावा, तिला वाटलं. बेगलांचा नको, या दोन हातांचा. तिने फोन घ्यायला हात पुसले.

त्याने कडी पाण्यात सोडली. ती तळाशी गेली, मग एकेक करून तरंगत वर आली. एकही सुटलं नाही.

"झाली. आता काढायला हवीत," म्हणत त्याने पातेल्यावरची नजर न हलवता डावा हात उचलला. शेगडीच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या उंचीवर, हात सरळ भिंतीपाशी गेला. बोटं काहीतरी चाचपू लागली. थोडं वर. थोडं खाली.

तिथे कोरी भिंत होती. साधा खिळादेखील तिथे कधी ठोकलेला नव्हता.

"काय शोधताय?" तिने विचारलं.

"झारा," तो म्हणाला, आणि हात भिंतीवर तसाच राहिला. धून थांबली.

पाणी खदखदत होतं. तिने फोन पालथा ठेवला. खाली वाकून खण ओढला, झारा काढला आणि त्याच्यासमोर ओट्यावर ठेवला.

"आपल्या घरात झारा खणात असतो," ती म्हणाली.