अर्धा इंच

"रविवारी येणार होतात ना?" दार उघडताच ठमीच्या तोंडून निघालं. आज शनिवार होता.

"सुतार सांगितल्या दिवसाच्या आधी आला, की गिऱ्हाईक असंच बघतं," बाबा म्हणाले आणि हत्यारांची पिशवी सावरत आतल्या खोलीकडे वळले. जमिनीला घासतं म्हणून त्यांना बोलावलं होतं, ते दार तिथलंच.

"आधी चहा घ्या."

"काम आधी."

"पाणी तरी! दोन मिनिटं बसा की बाहेर."

"ठमे, मी पाहुणा कधीपासून झालो?"

ते यायच्या आधी करायची कवायत ठरलेली होती. दोन पलंगांना बांधलेली दोरी सोडायची, ढब्बूचा पलंग ओढत बाहेरच्या खोलीत आणायचा, त्यावर वेगळी चादर घालायची, उशाशी तिचं घड्याळ ठेवायचं. वीस मिनिटांचं काम. सहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. ढब्बू म्हणजे ठमीबरोबर घरभाडं वाटून राहणारी, शहरबस चालवणारी मैत्रीण, एवढंच बाबांना ठाऊक. आज ढब्बू बसवर होती आणि दोन्ही पलंग आत होते. पायाला पाय बांधलेले, वर एकच मोठी चादर.

दार निम्म्यात अडलं. बाबांनी खांदा लावला. उघडलं.

ठमी मागे उभी राहिली. रोज लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणारी ती; आज तिला बापाची फक्त पाठ दिसत होती आणि पाठीवरून काही वाचता येत नव्हतं. मागच्याच महिन्यात त्यांनी फोनवर हसत हसत सांगितलं होतं, "दोन पोरगे आले होते दुकानात. डबल बेड हवा म्हणे, दोघांना! लाकूड संपलंय म्हणून वाटेला लावले." ठमीही हसली होती. 'बरं केलंत' म्हणाली होती. त्यानंतर दोन दिवस तिने त्यांचा फोन उचलला नव्हता.

बाबा गुडघ्यांवर बसले. चादरीची कड वर केली. हे दोन्ही पलंग त्यांच्याच हातचे. ठमीचा चांगल्या लाकडाचा; दुसरा उरल्यासुरल्या तुकड्यांतून केलेला, 'मैत्रिणीला काय, चालेल' म्हणून. लाकूड कमी पडलं तेव्हा त्याचे पाय अर्धा इंच आखूड ठेवले होते. त्या चारही पायांखाली आता वर्तमानपत्राच्या घट्ट घड्या होत्या.

"कागद दबतो," ते खालूनच म्हणाले. "सारखा बदलावा लागत असेल."

"दर दोन महिन्यांनी," ठमी बोलून गेली आणि तिने ओठ चावला.

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, परत कानामागे ठेवली. पिशवीतून करवत काढली, उंच पलंगाच्या पायाला टेकवली.

"चार काप मारले की दोन्ही सारखे. दहा मिनिटांचं काम आहे." करवत तशीच धरून ते बसून राहिले. मग उठले. "पण तुझा कमी का करायचा?"

आणि ते बाहेर गेले. जिना उतरल्याचा आवाज आला.

पिशवी इथेच होती. सुतार पिशवी टाकून जात नाही, हे ठमीला लहानपणापासून माहीत होतं. तरी ती चार वेळा खिडकीशी गेली. दोरीची गाठ सोडायला बसली, अर्धी सोडली, पुन्हा बांधली. शेवटी ढब्बूला फोन लावला.

"ड्यूटी संपली तरी घरी येऊ नकोस. बाबा आलेत. पलंग बघितला त्यांनी."

"मी जिन्यातच आहे," ढब्बू हळू आवाजात म्हणाली. "तेही आहेत. माझ्या हातात फळी दिलीय."

"काय म्हणाले?"

"'धर' म्हणाले."

दोघं वर आली. ढब्बू फळी छातीशी धरून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. बाबांनी फळीचे चार तुकडे कापले, घासले, आखूड पायांखाली ठोकले. दोरी कापून टाकली. दोन्ही पलंगांच्या कडांना गिरमिटाने आरपार भोकं पाडली आणि बोल्ट आवळायला घेतले.

"काका," ढब्बू चाचरत म्हणाली, "हे बोल्ट कधी काढावे लागले, तर निघतील ना?"

"कशाला काढावे लागतील?"

ढब्बूने ठमीकडे पाहिलं. ठमीने जमिनीवरच्या भुशाकडे.

"मी चहा टाकते," म्हणून ढब्बू स्वयंपाकघरात पळाली. तिथे बराच वेळ नुसत्या कपांचाच आवाज येत राहिला.

बाबांनी जोडावर लेव्हलपट्टी ठेवली. काचेतला बुडबुडा इकडेतिकडे घुटमळून बरोबर मधोमध थांबला. ते बघत राहिले. पट्टी उचलली तरी बघतच राहिले.

"ठमे, त्या दिवशी फोनवर 'बरं केलंत' का म्हणालीस तू?"

ठमी खाली वाकून भुसा गोळा करू लागली.

"लाकूड होतं गं दुकानात," बाबा म्हणाले. "ढीग होता."

पट्टी अजून त्यांच्या हातात आडवी होती. बुडबुडा काही केल्या एका जागी थांबत नव्हता.