कानांवरचा फेटा

यात्रेच्या कुस्त्यांआधी त्याचा सत्कार होता. इंग्लंडमध्ये बारा वर्षं व्यावसायिक रग्बी खेळून तो निवृत्त झाला होता. माइकवाल्याला रग्बी ठाऊक नव्हतं. "परदेशात चेंडू खेळणारे आपले सुपुत्र," एवढंच त्यानं सांगितलं.

त्याचे वडील आप्पा, गावच्या तालमीचे वस्ताद, पहिल्या रांगेत आखाड्याकडं बघत बसले होते. पोरानं तालीम सोडून चेंडू धरल्यापासून ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत.

सरपंचांनी त्याला फेटा बांधला. त्यानं तो हळूच कानांवर ओढून घेतला. अंगावर येणारे गडी डोक्याखांद्यानं अडवून दोन्ही कानांचे गोळे झाले होते. तिकडं मुलीच्या शाळेत जातानाही तो टोपी घालायचा.

आप्पा उठून जवळ आले. फेटा वर सारून त्यांनी त्या कानावरून अंगठा फिरवला, तालमीत पैलवानाचा मोडलेला कान बघतात तसा.

"कान कवा मोडलं?"

"तिसऱ्या वर्षी."

"आन् खेळत राहिलास?"

"हो."

आप्पांनी फेटा सोडला आणि दोन्ही कान उघडे राहतील असा पुन्हा बांधला. मग माइकवाल्याकडं वळले.

"चेंडूचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पैलवान म्हण."